तुलनेसाठी एक नॉर्मल माणूस

३ जून
डॉक्टर मॅडमनी नवा अभ्यास काढलाय. काही घराण्यांत हाडं पिढ्यान्‌पिढ्या प्रमाणाबाहेर घट्ट होतात. दिसायला भक्कम, पण खडूसारखी मोडतात. अशा मोठ्या माणसांची बोन डेन्सिटी मोजायची. मशीन मीच चालवतो. तुलनेसाठी एक नॉर्मल माणूस हवा होता. लगेच हात वर केला. आमच्या खात्यात माझ्याइतका नॉर्मल कोण आहे?

५ जून, दुपार
माझा स्कोअर अधिक नऊ. निरोगी माणसाचा शून्याच्या आसपास येतो. मशीन बिघडलं. कंपनीला कडक शब्दांत मेल.

६ जून
लेकीची मांडी परत दुखतेय. दिवसभर ऑफिसात खुर्ची उबवते, दुसरं काय होणार. ठरलं. उद्यापासून रोज मैदानाला फेऱ्या. मीही सोबत पळणार.

७ जून
घोटा दुखत होता म्हणून बाकावर बसून मार्गदर्शन केलं. लेक लंगडत का होईना, पळाली. जिद्द माझ्यावर गेलीय.

११ जून
इंजिनिअर येऊन गेला. मशीन ठणठणीत म्हणे. सिस्टरांना झोपवून मोजलं, बरोबर. वॉर्डबॉय, बरोबर. मी, अधिक नऊ. म्हणजे बिघाड फक्त माझ्यापुरता आहे. असा बिघाड पकडायलाही अनुभव लागतो.

१२ जून
बेल्ट काढून मोजलं. अधिक नऊ. उपाशीपोटी मोजलं. अधिक नऊ, वर चक्कर.

१४ जून
मॅडमनी केबिनमध्ये बसवून घेतलं. घरात कुणाची हाडं मोडली होती का, विचारलं. वडिलांची मांडी दोनदा, आत्याचा खुबा, काकांचा हात. मॅडमचं पेन थांबलं. मी समजावलं की आमचं घराणं मुळात धांदरट. त्या हसल्या नाहीत. मुलीला आणा, म्हणाल्या, आणि तोवर तिला जपा. आणतो म्हटलं. पण इतक्यात नको, पळण्यात खंड पडेल.

१८ जून
लेक रात्री कण्हत होती. हिने मला हलवून सांगितलं की उद्याच्या उद्या तिला मशीनवर घ्या. मी म्हटलं, मशीन संशयित आहे, भलताच आकडा आला तर पोर उगाच घाबरेल. ही म्हणाली, घाबरलंय कोण ते दिसतंय. मी कूस बदलली. झोप आली नाही. पित्त असावं.

२१ जून
मॅडमनी पुन्हा विचारलं. सोमवारी नक्की, म्हटलं. उद्या शेवटचं पळणं. म्हणजे या आठवड्यातलं.

२२ जून
लेक पडलीसुद्धा नाही. मैदानाच्या कडेची एक पायरी उतरली आणि मांडीचं हाड मोडलं. आवाज बाकापर्यंत आला. मी नुकताच ओरडलो होतो, अजून एक फेरी.

ऑपरेशन फार लांबलं. सर्जन मध्येच बाहेर आले. ड्रिलचं टोक आत तुटलंय, म्हणाले, असलं हाड कधी पाहिलं नाही, घरात कुणाला काही आजार आहे का? ही माझ्याकडे बघत राहिली. मी बुटांकडे. शेवटी म्हणालो, मला आहे. मला पाच तारखेपासून माहीत आहे.

संध्याकाळी लेक शुद्धीवर आली. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. माझा हात धरून म्हणाली, सॉरी बाबा, एक फेरी राहिली.