खिशातले तीनशे बारा नागरिक

३ जून, संध्याकाळ

पाच महिने या वहीत एक ओळ नाही. माफी मागतो. कोणाची, ते मात्र सुचत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि मीही वाचायचं टाळतोच. कारण दिलेलं बरं: काम वाढलंय. राज्यातल्या सगळ्या कार्यालयांचं मूल्यमापन सुरू आहे. ऑनलाइन सेवांना शंभर गुण. अर्ज वेळेत निकाली काढण्याचे चाळीस, नागरिकांच्या समाधानाचे चाळीस, कार्यालयातली गर्दी कमी करण्याचे वीस. गेल्या वेळी आम्ही शेवटून तिसरे. साहेबांनी तो तक्ता नेमका माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलाय. खिडकी क्रमांक दोन, दाखल्यांचे अर्ज. येणाऱ्याला आधी मी दिसतो, मग आमचा नंबर.

संकल्प: रोज लिहिणे. खरं लिहिणे. चहा दोनच.

४ जून

चहा चार.

खरं लिहायचं ठरलंय, तर एक गोष्ट. अर्ज भरताना नागरिकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आमच्या भिंती जाड, त्यामुळे लोकांचे ओटीपी रमतगमत येतात. स्क्रीनवरचं घड्याळ मात्र पळत असतं. एका अर्जाला सहा मिनिटं, सातव्याला लाल. म्हणून ज्याचा ओटीपी येत नाही त्याच्या अर्जात मी माझा नंबर घालतो. माझा फोन खिडकीच्या गजाला टेकवलेला असतो, लगेच वाजतो. तात्पुरती सोय. आजवर असे तीनशे बारा.

यात गैर काय, यावर जेवणाच्या सुट्टीत प्रामाणिकपणे विचार केला. पूर्ण सुट्टी. काही सापडलं नाही.

८ जून

मधले दिवस राहिले. उद्यापासून नक्की.

या सोयीचा एक त्रास आहे. अर्जाचा निकाल लागला की मेसेज येतो: सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या. तीनशे बारा जणांचे तारे मलाच द्यावे लागतात. खिडकी तीनवरचे काका म्हणतात, अरे, पाच-पाच ठोक आणि मोकळा हो. माझ्याने होत नाही. मी त्या माणसाच्या जागी बसून विचार करतो. आज एका आजोबांच्या वतीने चार दिले, कारण बाकाचा पाय हलतो. एका बाईंच्या वतीने तीन, कारण मी त्यांच्याशी जरा तुटक बोललो होतो. स्वतःचेच गुण कापणारा माणूस या खात्यात दुसरा नसेल. काका म्हणाले, तू म्हणजे चोरी करून पावती ठेवणारा. सगळे हसले. मीही हसलो.

११ जून

कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या ताई आल्या होत्या. बायकोचे कपडे वीस वर्षं त्याच शिवतात. सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिवण शिकवणाऱ्या बाईची एक जागा निघाली आहे. वय पंचेचाळीसच्या आत हवं. ताईंना सप्टेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे पहिली आणि शेवटची संधी. तीस जूनपर्यंत रहिवासी दाखला जोडायचा आहे. दाखल्याचा अर्ज त्यांनी मे अखेरीस माझ्याच खिडकीवर केला. विचारत होत्या, अजून काही कळलं नाही हो, भाऊजी.

मी म्हटलं, मेसेज येईल, चकरा मारू नका. म्हणाल्या, चकरा कसल्या, दोन पावलांवर तर दुकान आहे. मग त्यांना गर्दीच्या वीस गुणांचं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं. निघताना म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त.

बरं वाटलं. आपल्या कामाचा कोणाला तरी आधार आहे.

१८ जून

ताई तिसऱ्यांदा. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, बघा, एकही मेसेज नाही, एक तो कर्जवाला सोडून. मी म्हटलं, ताई, ही यंत्रणा आहे, तिला धीर लागतो. काका मधेच म्हणाले, अरे, स्क्रीनवर बघ ना काय अडलंय ते. मी बघितलं नाही. खिडकीवरून स्थिती सांगितली की ती भेट म्हणून नोंदली जाते. एकासाठी नियम मोडला की सगळ्यांसाठी मोडावा लागतो.

कठोर झालो का? घरी येताना विचार केला. नाही. तत्त्वाचा माणूस जरा कठोरच वाटतो.

२१ जून

मूल्यमापनाच्या मॅडम चोवीसला येणार. यादीतल्या कोणत्याही पाच नागरिकांना समोर बसून फोन लावणार. साहेबांनी विचारलं, काही काळजी नाही ना? मी म्हटलं, छे.

मग लक्षात आलं की यादीतले तीनशे बारा नागरिक माझ्या खिशात राहतात.

चहा सहा. योजना: त्या दिवशी फोन बंद करून घरी कपाटात. फोन लागला नाही तर त्यात कोणाचाच दोष नाही.

२४ जून, दुपारी चार

मॅडमनी स्पीकरवर फोन लावले. चार नागरिक खरे निघाले. एकाने पंख्याची तक्रार केली, मला आनंद झाला. पाचव्या शिवणवाल्या ताई.

रिंग वाजली. बंद फोन कसा वाजतो, याचा विचार करत होतो, तेवढ्यात पलीकडून बायकोचा आवाज. फोन कपाटात बंद बघून तिने काळजीने चालू केला होता. मॅडमनी कार्यालयाचं आणि ताईंचं नाव घेऊन विचारलं, दाखल्याच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? बायको म्हणाली, कसला दाखला? ताई दुकानात असतील, बोलावू का? हा माझ्या नवऱ्याचा फोन. ते तुमच्याकडेच असतात, खिडकी दोनला. बघा जरा, सकाळी काही न खाता गेलेत.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना अजून तीन कार्यालयं बघायची होती. फॉर्मवर दोनच पर्याय: संपर्क झाला, संपर्क झाला नाही. त्यांनी 'झाला'वर खूण केली. जाताना मला म्हणाल्या, काहीतरी खाऊन घ्या.

२४ जून, संध्याकाळ

ताईंच्या अर्जात माझा नंबर आहे, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो, हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून काय झालं.

फोनमध्ये शोधलं. सात जूनचा मेसेज: पत्त्याचा पुरावा अस्पष्ट, पंधरा दिवसांत पुन्हा सादर करा, अन्यथा अर्ज आपोआप बंद होईल. बावीस जूनचा: अर्ज बंद झाला आहे. त्याखाली: सेवा कशी वाटली? त्याखाली माझं उत्तर. चार तारे. काल सकाळी पन्नासेक जणांचे एकदम दिले, त्यात ताईंचेही दिले.

अठराला त्या फोन हातात धरून माझ्यासमोर उभ्या होत्या, तेव्हा चार दिवस बाकी होते.

बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, ताईंना सांगितलंत? मी म्हटलं, उद्या. म्हणाली, मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा.

२५ जून

नवा अर्ज केला तर पंधरा दिवस लागतात. उपयोग नाही. काम फार होतं. जाणं झालं नाही.

२७ जून

तीन दिवस मागच्या रस्त्याने येतो-जातो. दुकान लागत नाही. तेवढंच चालणंही होतं, डॉक्टर सांगतच होते.

२९ जून

निकाल लागला. राज्यात सहावे. साहेबांनी केक आणला, तक्ता बदलला. मला प्रशस्तिपत्र, खिडकी दोनच्या समाधानासाठी. काका टाळ्या वाजवत होते, पण बघत दाराकडे होते. केक खाल्ला. दोन तुकडे.

३० जून, संध्याकाळी सात

ताई घरी आल्या. दाखला काही आला नाही, म्हणाल्या, आज तारीख संपली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच समजावत होत्या की यात तुमचा काय दोष, भाऊजी, तुम्ही बिचारे खिडकीवरचे. तक्रार करायची आहे, माझं लिहिणं म्हणजे उलटी शिलाई, तुम्ही लिहून द्या.

बायको गॅसजवळ पाठ करून उभी होती. वळली नाही.

तक्रार लिहिली. चांगली लिहिली. कधी अर्ज केला, कधी त्रुटी निघाली, कधी बंद झाला, तीन वेळा खिडकीवरून परत कसं पाठवलं. ताई म्हणाल्या, अगंबाई, तुम्हाला सगळ्या तारखा कशा हो पाठ? मी म्हटलं, सवयीने.

मोबाइल नंबरच्या जागी म्हणाल्या, तुमचाच घाला, माझ्यावर काही येत नाही. मी त्यांचा घातला. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, फोन हातात घेऊन. मी घड्याळ लावून बसलो. ओटीपी आला. चार मिनिटं लागली.

चार.

कर्मचाऱ्याची चूक सिद्ध झाली तर अर्जदाराला मुदतवाढ मिळते. हा नियम मला पाठ आहे. मीच तो छापून खिडकीवर चिकटवला होता. फॉर्मचा शेवटचा रकाना: संबंधित कर्मचाऱ्याचं नाव. ताई म्हणाल्या, ते आपल्याला कसं कळणार? मी म्हटलं, चौकशी करून घालतो. मसुदा सेव्ह केला. तो चोवीस तास राहतो, मग आपोआप पुसला जातो. ताई माझे आभार मानून गेल्या.

त्या गेल्यावर बायकोने इतकंच विचारलं, चौकशी कुठे करणार आहात?

उद्या: तो रकाना भरणे.