गेंड्याने विझवलेली चूल

सगळ्यात आधी आत घुसला तो गेंडा. त्याच्या मागोमाग ते शेपूट, आणि शेवटी दारात अडकून पडलेला तो मुका. पण थांबा, विहीणबाई, दार न वाजवताच घरात शिरल्यासारखं झालं माझं. तुम्हाला वाकून नमस्कार (गुडघे देतील तेवढंच वाकून). तुमचा खांदा कसा आहे? तेल लावता ना, की बाटली समोर ठेवून नुसतं तिच्याकडे बघता? व्याह्यांची तब्येत कशी आहे, आणि त्यांचं आत्मचरित्र कुठवर आलं? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की रोज संध्याकाळी दार लावून लिहीत बसतात, चहासुद्धा दाराबाहेर ठेवायला सांगतात. अग्निशमन दलात जन्म काढलेला माणूस, विझवलेल्या आगी काय थोड्या असतील? लिहू दे बापड्यांना. त्या विषयाकडे मी येणारच आहे, पण आधी मला पोटभर रागावू दे, नाहीतर हे पेन कागद फाडून पलीकडे जाईल.

तुम्हाला माहीत आहे, आपली नात नोकरीसाठी लांब गेली तेव्हा जाताना तिचा जुना कॉम्प्युटर मला देऊन गेली आणि तिच्या त्या गेममध्ये मला दाखल करून गेली. तिथे माणसं आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात आणि मिळून एक बिऱ्हाड थाटतात, त्याला गिल्ड म्हणतात. आमच्या गिल्डचा एक मोठा हॉल आहे. दाराशी घंटा, मधोमध चूल, आणि कोपऱ्यातून वर ड्रॅगनच्या गुहेकडे जाणारा दगडी जिना. (ड्रॅगन म्हणजे तोंडातून जाळ काढणारी पाल. आकार एवढा की आपलं अख्खं कुटुंब पाठीवर बसेल, सामानासकट.) गिल्डचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतात आणि संध्याकाळी तलवार घेऊन येतात. एक ट्रकवाली आहे, ती गाडी बाजूला लावून केबिनमधून खेळते. बाई भाला असा फेकते की बघत राहावं. आपली नात हिरव्या टोपीत धनुष्य घेऊन फिरते. आणि मी चुलीपाशी. माझ्या चुलीवर काढा उकळतो. लढून आलेले तो पितात, जखमा भरतात, पुन्हा जिना चढतात. हा गिल्ड निघाल्यापासून ती चूल एकदाही विझलेली नव्हती. ‘नव्हती’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा गिरवला आहे.

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेत जाऊन बसले तोवर सुटायची घंटा झाली. एकेक अक्षर शोधून टाइप करेपर्यंत समोरचा माणूस मरून परत आलेला असतो. म्हणून नातीनं मला तीन बटणांवर तीन वाक्यं बसवून दिली आहेत. एक दाबलं की माझी बाई म्हणते ‘या, बसा’. दुसरं दाबलं की ‘दमलात का?’ आणि तिसरं, ‘आधी हात-पाय धुवा’. आयुष्यात याहून जास्त काही बोलायची गरज पडत नाही, हे मला म्हातारपणी कळलं. चालणंही मला फारसं जमत नाही, भिंतीकडे तोंड करून अडकते, म्हणून मी चूल सोडून हलत नाही. नात मात्र रोज येऊन माझ्या शेजारी उभी राहते आणि आम्ही बोलतो. फोनवर ती ‘बरी आहेस ना, ठेवते’ एवढंच म्हणते. चुलीपाशी मात्र साहेबाची चिडचिड, घरमालकिणीचं मांजर, खोलीतली गळकी तोटी, सगळं सांगते. माझ्यासाठी तो गेम म्हणजे तेवढाच आहे. ड्रॅगन जगला काय, मेला काय.

तर झालं असं की गिल्डमधल्या एकीला जुळं झालं आणि एकाची रात्रपाळी लागली, दोघंही सोडून गेले. आणि त्या गेमचा नियम असा की दहा माणसं नसली तर हॉल काढून घेतात. डॉक्टरांनी पाटी लावली, ‘नवखे चालतील’. आले हे तिघं. गेंड्याचं डोकं असलेला एक आडदांड. तो जाईल तिथे जाणारा दुसरा, म्हणून शेपूट. आणि तिसरा कधी बोलतच नाही. (नंतर कळलं की एका बोटानं टाइप करतो. त्याचा ‘नमस्कार’ पुरा होईपर्यंत सगळे झोपायला गेलेले असतात.)

पहिल्याच संध्याकाळी यांनी गोंधळ घातला. डॉक्टर सगळ्यांना घेऊन गुहेत खांबांमागे दबा धरून बसले होते. ड्रॅगन झोपलेला. ट्रकवालीनं भाला उचलला, आणि खाली हॉलमध्ये या गेंड्यानं घंटा बडवली. ड्रॅगन जागा झाला, त्यानं जाळ काढला. आता शहाण्या माणसानं जाळ पाहून मागे सरायचं की नाही? हा तीरासारखा जिना चढून आत घुसला आणि सगळ्यांना ‘बाहेर चला, एकामागून एक, जिना मोकळा ठेवा’ असं म्हणत ढकलत सुटला. ट्रकवाली कड्यावरून खाली गेली. आपल्या नातीला तर त्यानं खांद्यावर टाकून आणलं आणि हॉलमधल्या पाण्याच्या टाक्यात बुडवलं. डॉक्टर एकटे उरले, त्यांचं काय झालं ते लिहीत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. ‘जिना मोकळा ठेवा’ हे कुठेतरी ऐकल्यासारखं मला तेव्हाच वाटलं होतं, पण रागाच्या वेळी माणसाच्या कानाला दडे बसतात.

त्यानंतर घंटा रोजची झाली. कुणी आलं की घंटा, गेलं की घंटा. ट्रकवाली म्हणाली, मी हमरस्त्यावर मोठमोठे भोंगे ऐकून इथे जरा शांत बसायला येते, आता परत भोंग्यांकडेच जाते. पण खरा घाव पुढेच आहे. एका संध्याकाळी मी जरा गॅसवरचं दूध बघायला उठले. (माझ्या खऱ्या गॅसवरचं.) परत येऊन बघते तर गेंडा माझ्या चुलीसमोर उभा. ‘पेटती शेगडी सोडून कोण गेलं?’ असं शेपटाला विचारतो आहे, आणि महिनाभर उकळून साठवलेला माझा काढा मडक्यामागून मडकं चुलीवर ओततो आहे. चूल विझली. विहीणबाई, मी खुर्चीत उभी राहिले. दूध उतू गेलं ते वेगळंच. मुडदा बशिवला मेल्याचा, असं मी मोठ्यांदा म्हणाले. (हे वाक्य पुढे खोडायचं राहून गेलं आहे असं समजा.)

डॉक्टरांनी सभा घेतली. तिघांना काढावं तर दहा भरत नाहीत, हॉल जातो. ठेवावं तर बाकीचे निघून जातात, हॉल जातोच. ते म्हणाले, मी दिवसभर माणसांना ‘दुखतंय का’ विचारून थकतो, संध्याकाळी इथेही तेच नको. महिनाअखेरच्या रविवारी ड्रॅगनवर शेवटची चढाई करू, आणि हे तिघं तेव्हाही असेच वागले तर कुलूप. आणि आपली नात काय म्हणाली? ‘बंदच करूया, आजी. तसाही मला वेळ होत नाही.’ मला तीनच वाक्यं येतात आणि त्यातलं एकही तिथे बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा हजर. शेपूट माझ्याजवळ आलं, मी रागारागानं सवयीचं बटण दाबलं, ‘या, बसा’. त्यानं पुन्हा टोचलं, पुन्हा ‘या, बसा’. तेव्हा गेंडा त्याला म्हणतो, ‘अरे, ही खरी बाई नाही. मशीननं चालवलेली आहे. जागची हलत नाही, तेच तेच बोलते. असल्या बायकांकडून काम मागायचं असतं, केलं की बक्षीस मिळतं.’ मी मशीन? सात बाळंतपणं उरकलेली, चार सुनांना वठणीवर आणलेली (तुमची लेक सोडून, ती आली तीच वठणीवरची) मी मशीन? मी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर वेचून टाइप केलं, ‘चूल विझली. लाकडं आणा.’

आणि गंमत बघा, गेले की तिघं. डॉक्टर गळा फाडून सांगत होते तेव्हा ढिम्म हलले नाहीत, आणि मशीननं सांगितल्याबरोबर पार डोंगर उतरून लाकडं घेऊन आले. बक्षीस म्हणून मी त्यांना एक सडका मुळा दिला. तिघांनी तो आळीपाळीनं धरून पाहिला. मग काय, मला रानच मोकळं. ‘हॉल झाडा.’ झाडला. ‘भालेवाल्या बाईंची माफी मागा.’ मागितली, मुक्याची माफी दुसऱ्या दिवशी पोचली. ‘घंटेला हात लावणाऱ्याला खरूज होते.’ मग घंटा एकदाच वाजली, त्यानंतर गेंडा बराच वेळ आपलं बोट न्याहाळत उभा होता. खोटं कशाला बोलू, एवढी मजा मला लेकीच्या लग्नातही आली नव्हती.

मग परवा गेंडा एकटाच आला. चुलीपाशी बसला आणि म्हणाला, ‘तू मशीन आहेस, तुला काय कळणार. म्हणूनच सांगतो. ती हिरव्या टोपीवाली माझी नात आहे. तिला मी भर पंगतीत म्हणालो होतो, की हे असले खेळ रिकामटेकड्यांचे. तेव्हापासून ती माझ्याशी दोन शब्दांपुढे बोलत नाही. म्हटलं, ती इथे करते तरी काय, बघावं. रोज माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या दोघांना सोबत आणलं. बटणं कळत नाहीत, आणि विचारायची लाज वाटते. आग दिसली की माझे पाय थांबत नाहीत.’

विहीणबाई, आता घोटभर पाणी प्या. होय, तेच. आपल्या मुलांच्या लग्नात जिन्याच्या पायरीवर मी नव्या साडीत जरा टेकले होते, तर मला हाताला धरून उठवून ‘जिना मोकळा ठेवा’ म्हणणारे तेच. मी इतकी गडबडले की हात भलत्याच बटणावर पडला आणि माझी बाई म्हणाली, ‘आधी हात-पाय धुवा.’ उठले बिचारे आणि जाऊन टाक्यात उभे राहिले. माझं मन भरून आलं होतं, लोण्यासारखं मऊ झालं होतं, आणि तेवढ्यात ते पाण्यातूनच म्हणाले, ‘तू बरी आहेस, तीन वाक्यांत आटपतेस. माझी एक विहीण आहे, तिला नुसतं “या, बसा” म्हणायला तीनशे लागतात.’

झालं, लोण्याचं तूप होऊन उकळायला लागलं. त्यांना मी त्याच पावली अख्खा जिना पुसायला लावला, वरपासून खालपर्यंत, आणि खालपासून वरपर्यंत. पुसला. (आता गेंड्यालाही अहो-जाहो करावं लागतं, हा आणखी एक ताप.) शेवटचं काम मी काल तिघं मिळून आले तेव्हा दिलं, ते असं, ‘रविवारी हिरव्या टोपीच्या मागे उभे राहा. ती म्हणेल तेव्हाच हला.’ तिघांनी कबूल केलं. मुक्याचं ‘हो’ अजून यायचं आहे.

तर असा सगळा संताप आहे. तुम्ही खांद्याला जपा, आणि मला उलट टपाली चार ओळी लिहा, मी तीनशे लिहीन.

तुमची,
मशीन

ता. क. व्याह्यांना यातलं काही सांगू नका. त्यांनी उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही, आता म्हणेन ते करताहेत. हे सुख माझ्याकडून हिरावू नका. आत्मचरित्राचं विचाराल तर एक पान झालेलं नाही, पण तुम्ही आपला चहा दाराबाहेर ठेवत राहा, आणि रविवारी संध्याकाळी त्यांना दळण आणायला पाठवू नका.

ता. क. खरं हे एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. ते बाहेर गेले की त्यांच्या कीबोर्डवरचं घंटेचं बटण उपटून टाका. त्यावर बोट घासून घासून डाग पडला असेल, तेच. त्याच्या शेजारचं बटण नमस्काराचं आहे. ते दाबायला जाऊन व्याही रोज घंटा दाबत आले, असं ते स्वतःच मशीनला सांगत होते. म्हणजे बाई गं, एवढे दिवस तो माणूस नातीला नमस्कार करत होता. त्यांच्या चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

ता. क. नातीला मी काही बोललेले नाही. पण काल ती चुलीपाशी आली, जिन्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘आजी, तो गेंडा जिन्यावर कुणाला उभं राहू देत नाही. कुणाची आठवण येते गं?’ मी दाबलं, ‘या, बसा’. ती बसली. मग चुलीत एक लाकूड सरकवून म्हणाली, गिल्ड बंद नको करायला. ती रविवारी चढाईला येते म्हणाली आहे. ते तिघंही रविवारीच येणार आहेत.