समोरची बटणं

प्रिय लेकी,

फोनवर तू रागावलीस त्याला बरेच दिवस झाले. मी एवढंच म्हटलं होतं, की पिटुकली चार वर्षांची झाली, आता तिला शाळेत घाल. तू म्हणालीस, तिला दिसत नाही, तिचं तिला काही जमणार नाही, आणि आई, तुला यातलं काय कळतंय? खरंच होतं म्हणा. कपडे शिवण्यापलीकडे मला काय कळतंय? पण मी तुझीच आई! इथल्या न दिसणाऱ्या मुलांच्या बालवाडीत गेले आणि मदतनीस म्हणून माझंच नाव नोंदवून आले. आता रोज सकाळी तिथे मदतीला जाते, बिनपगारी. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी अशी फजिती झाली माझी! मुलं बाहेर खेळायला निघाली होती, स्वेटर चढवत होती. माझे हात शिवणाऱ्या बाईचे, ते गप्प कसे बसणार? फटाफट सगळ्यांची बटणं लावून टाकली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तर वर्गाच्या बाईंनी सगळ्यांना बटणं पुन्हा सोडायला लावली! मला म्हणाल्या, आजी, इथे आपले हात पाठीमागे. मुलांनी मागितली तरच मदत करायची, तीही आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवून, म्हणजे काय चाललंय ते त्यांना कळतं. इतका राग आला, घरी येऊन भांडी आपटली मी.

तिथे एक भिंगरी आहे. खरं नाव वेगळं, पण एका जागी बसेल तर शपथ. आपल्या पिटुकलीएवढीच, तिलाही अजिबात दिसत नाही. परवा स्वेटरची बटणं लावत होती, जीभ बाहेर काढून. मी माझंच मनगट घट्ट धरून उभी. सगळी लावून झाली आणि वर एक बटण उरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं बोटं खालपर्यंत फिरवली, अय्या म्हणाली, आणि सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. बाकीची मुलं केव्हाच अंगणात पोचली होती. शेवटचं बटण लागलं तेव्हा कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिली, जणू स्वेटर विणलाही तिनंच! मला रडू आवरेना. तर लगेच विचारते कशी, आजी, तुला सर्दी झाली का? इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच शिवणाचा वाटला नाही गं कधी.

सोबत पिटुकलीचा नवा फ्रॉक पाठवतेय. तुला झटपट लावता यावीत म्हणून तू नेहमी पाठीवर बटणं लावायला सांगतेस. या वेळी तुझं ऐकलं नाही. बटणं समोर आहेत, चांगली मोठी, काजंही सैल ठेवलीत. फ्रॉक तिच्या हातात दे आणि तू बाजूला बस. जीव कासावीस होईल तुझा, माझाही होतो, आणि भिंगरी तर माझी कोणीच नाही. तरी हात लावू नकोस. वर एखादं बटण उरलंच, तर तेही तिचं तिलाच सापडू दे.

हात पाठीमागे बांधून उभी असलेली,
तुझीच आई