न दिलेला होकार

मंगळवार, दिवेलागण. मुलुंड.

मी दिलेलाच नाही तो होकार सोसायटीच्या वेबसाइटवर माझ्या नावाने झळकतोय. पुनर्विकासाला संमती, म्हणे! तळमजल्यावरच्या सविताने सकाळी जिन्यात गाठलं. "तू पण गं? बिल्डिंग पाडली की आपण परत येऊ कशावरून, असं तूच म्हणालीस ना?"

दुपारी भाची वैदेही आली. वेबसाइट तीच सांभाळते. "मावशी, सोसायटीचं लॉगिन चालू ठेवून मेलमध्ये आलेल्या त्या कमळाच्या चित्रावर क्लिक केलंस?" केलं. 'शुभ प्रभात' लिहिलेलं कमळ, आणि मी संस्कृत शिकलेली बाई. नाही कसं म्हणणार? त्यामागे उघडलेल्या परक्या पानाने माझ्याच ब्राउझरकरवी संमतीचा फॉर्म धाडला. वेबसाइटने मला ओळखलं, फॉर्म कुठून आला ते विचारलंच नाही. परकायाप्रवेश, तोही कमळातून! कुणी पाठवलं असेल ते कमळ?

आता वैदेहीने फॉर्ममध्ये एक गुप्त खूण दडवली आहे, दर वेळी नवी. परक्या पानाला ती कळत नाही, आणि खूण नसेल तर फॉर्म घेतलाच जात नाही. जुन्या संमत्या रद्द. सगळ्यांनी पुन्हा भरायचं.

सविता शेजारी येऊन बसली. "दाब, माझ्यासमोर दाब 'नाही'."

दाबलं. तिचा चेहरा उजळला. पण त्याआधी क्षणभर नवी लिफ्ट दिसली, पूर्वेची गॅलरी, तिच्यात सांडलेलं कोवळं ऊन... आणि बोट 'हो'वर तरंगत राहिलं.

ते बोट मात्र माझंच होतं.