मिनिटकाट्यांवाचून अडलेल्या कारखान्याची वाटणी

मी, भिंतीवरच्या घड्याळांच्या कारखान्याची मालकीण, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात काय कोणाचे ते लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तरीही माझ्या डोक्याबद्दल कोणाला शंका असल्यास, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना असल्यास, त्यांनी समोर येऊन खात्री करून घ्यावी.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला. तो दातांचा डॉक्टर आहे. कारखान्यात त्याने कधी लुडबूड केली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. जिन्यात, न्हाणीघरात आणि माझ्या पलंगाखाली रचलेल्या तबकड्या मात्र घराच्या नाहीत, कारखान्याच्या आहेत.

कलम २. त्या तिथे का आल्या, हे नोंदवणे भाग आहे. खरेदी दिरांकडे. "वहिनी, एकाच ठिकाणाहून घेतलं की स्वस्त पडतं," असे म्हणून त्यांनी सगळे मिनिटकाटे समुद्रापलीकडच्या एकाच कंपनीकडून मागवले. जहाज बंदरात अडकले. तबकड्या येत राहिल्या, चौकटी आल्या, काचा आल्या, सेकंदकाटे तर वारेमाप आले. मिनिटकाटा औषधालाही नाही. केव्हाही विचारा, भावजींचे उत्तर ठरलेले: "माल रस्त्यात आहे." जहाज कोणत्या रस्त्याने येते, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

कलम ३. सेकंदकाट्यांची सर्व खोकी भावजींना. त्यांनी ती स्वतः उचलून न्यावीत. हमाल लावल्यास हक्क रद्द.

कलम ४. कारखाना. भावजींचे मत, टाळे लावून जागा गोदामाला द्यावी. जोडणीवरच्या बायका रोज वेळेवर येतात, हातावर हात ठेवून बसतात आणि संध्याकाळी माझी नजर चुकवून घरी जातात. ते मला बघवत नाही. म्हणून कारखाना माझ्या सुनेला, चालवण्यासाठी. आमचे दोघींचे पटत नाही. ती माझे एक ऐकत नाही आणि चहा पांचट करते. पण काटे अडल्यावर तिने नुसत्या तासकाट्याची घड्याळे विकायला काढली. सरकारी कचेऱ्यांनी आनंदाने घेतली, एक तक्रार नाही. एका शाळेने तेवढी परत केली, कारण मधली सुट्टी संपेचना. तेव्हा ती म्हणाली, "आई, मग काटे इथेच कापून घेऊ." मागच्या गल्लीत पत्र्याचे डबे करणाऱ्याला तिने साचा दिला आहे. जमेल की नाही, देव जाणे.

कलम ५. यजमानांचा चिमटा आणि भिंग सुनेला. भिंग पदराने पुसू नये.

कलम ६. माझी बचत बँकेतच राहू द्यावी. पुन्हा कुठे काही अडले, तर तिच्यातून जोडणीवरच्या बायकांचा पगार भागवावा. भावजींना विचारू नये.

इथवर लिहून झाले आणि सुनेचा फोन आला. मी म्हटले, "साक्षीदार खोळंबलेत, तू आधी घरी ये." ती म्हणाली, "नाही जमणार, आई. डबेवाल्याचे काटे आलेत, आणि बसतायत. तुम्हीच या सगळ्यांना घेऊन."

ठिकाण: 'घर' खोडून 'कारखाना' केले आहे. खाडाखोड माझीच.
तारीख: काटे आले तो सोमवार, दुपारची पाळी.
साक्षीदार: १. आमचे वकील. २. शेजारच्या शिंपीणबाई.
सही: वकिलांच्या पाठीवर कागद ठेवून केली, म्हणून वाकडी आली आहे. जोडणीच्या एकाही टेबलावर कागदापुरती जागा नव्हती.