बाबांचा खड्डा

पेत्रोलाका,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

बरी आहेस ना? पोरांना पापे. इथे ऑलिव्ह अजून हिरवेच आहेत, मावशीचा गुडघा तसाच आहे, आणि चौकातल्या खाटकाने म्हातारपणी मिशा काढल्या. ओळखू येत नाही.

काल बाबांना थडग्यातून बाहेर काढलं. पुरून तीन वर्षं झाली, रीतीप्रमाणे जागा पुढच्या मयताला हवी. तू फोनवर म्हणालीस, "पुरताना मी एकटी होते, काढताना तू एकटा जा." गेलो.

थडगी खणणारा लाझारोसकाका कुदळ घेऊन आला होता. मी पिशवीतून बाबांची उत्खननातली झिजकी थापी आणि ब्रश काढला.

"या चमच्याने उकरणार? ईस्टर उजाडेल रे!"

"काका, तुम्ही बसा. सिगारेट ओढा."

"बापावर गेलास. एकतीस वर्षं एक टेकडी खरवडली त्याने. निघालं काय? कुंभाराची भट्टी!"

खरंय. जुनं देऊळ निघणार म्हणून गावाने पर्यटकांसाठी आधीच पार्किंग आखलं होतं. बाबा मात्र खापरावरचा त्या कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले होते. असो, कुठे वाहवलो.

शाळा सोडली त्या उन्हाळ्यात त्यांनी शिकवलं होतं तसा थर थर काढत गेलो. आधी बुटांचे तळ लागले. रडू येईल म्हणून थांबलो. आलं नाही. माती कुठे लाल, कुठे काळपट, तेवढं दिसत होतं.

मग बाबांच्या उजव्या हाताशी नाणं लागलं. दोन युरो, २०२१. खड्डा बुजवताना बाबा तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेवायचे, पुढे खणणाऱ्याला कळावं की आधी इथे कुणीतरी येऊन गेलंय. तू ठेवलंस. मला बोलली नाहीस.

ताई, बाबांना पुरलं तेव्हा मी सांगितला तसा बोटींचा संप नव्हता. मी नाक्सोस बेटाच्या बंदरावर होतो, तिकीट खिशात. बोट आली. बोट गेली. मी दुसरी कॉफी मागवली. का, ते आजही सांगता येत नाही.

हाडं वाइनने धुतली, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. हाडांच्या पेटीवर मी चिठ्ठी लावली, खोदकामात सापडलेल्या वस्तूंवर लावतात तशी: नाव, जागा, खोली, तारीख. खाली खणणाऱ्याचं नाव असतं. बाबांनी माझं कधी लिहू दिलं नाही. म्हणायचे, खड्डा बुजेपर्यंत थांबतो त्याचंच लिहायचं.

काल थांबलो. तळाशी यंदाचं नाणं ठेवलं. तुझं या पाकिटात आहे.

चिठ्ठीवर खणणाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. नाताळला आलीस आणि वाटलं, तर माझं नाव तुझ्या हाताने लिही.

तेव्हा न आलेला तुझा भाऊ,
स्त्रातिस