सुईचा बारीक आवाज

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
१७ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. सगुणा हीस कमळावहिनीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि धाकूभावोजींनी बोटीवरून आणलेला रेकॉर्डप्लेअर एकाच दिवशी पोचले. शेजारच्या बाबल्याने तो खोका मुंबईपासून एसटीत मांडीवर धरून आणला. चहा घेऊन उठायला गेला तर बिचाऱ्याचे पायच आखडलेले.

तुझ्या दादाची तब्येत आहे तशीच. उजवं अंग लुळं ते लुळंच. बोलण्यात एक 'नाय' तेवढं उरलंय. पेज हवी असली तरी नाय, नको असली तरी नाय. सुरावरून मी ओळखते. डॉक्टर म्हणतात, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करा. हे भिंतीकडे तोंड करतात. सगळा पावसाळा मी ह्यांची पाठच बघितली.

पण खोका उघडला तशी पाठ वळली गो. डाव्या हाताने तबकडी हळू फिरवून बघितली. लग्नाबारशांना लाउडस्पीकर लावण्यात जन्म गेला, मशीन चांगलं की वाईट ते ह्यांच्या बोटांना कळतं. मी आपला जुना अँप्लिफायर पुसून जोडला. रेकॉर्ड फिरते, पण आवाज कुठे? कर्ण्याला कान लावला तर विहिरीच्या तळाशी कुणी गात असल्यासारखं. बाजारातल्या सखाराम मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला की ह्या नव्या सुईचा आवाज फार बारीक, मध्ये आवाज वाढवणारं छोटं सर्किट लागतं, त्याला प्रीअँप म्हणतात. लायटीवर चालणारं एक आणून त्याने जोडलं, तर गाण्यापेक्षा घरघरच मोठी. तेवढं चालायचंच, असं तो ह्यांच्या कानाशी ओरडून सांगत होता, हे बहिरे असल्यासारखं. ह्यांनी डाव्या हाताने वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांची जुनी पाटी मागून घेतली आणि डाव्या हाताने तिच्यावर रेघा ओढल्या. दुपारभर पुसत होते, काढत होते. शेवटी टॉर्चमधला सेल काढून माझ्यापुढे धरला. म्हणजे लाइट नको, बॅटरीवर चालवायचं. पाटीवरचं सोबतच्या कागदावर जसंच्या तसं उतरवलंय. मला त्यातलं काही कळत नाही. लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात दाखव आणि लागेल ते सामान पाठव.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचं पुन्हा लिहिलंस. तुझी एक खोली, त्यात सासूबाई, मुलं. ह्यांना ठेवशील कुठे? इथे सगळं चाललंय. काळजी करू नकोस.

मुलांना पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी वहिनी
कमळा

—

माझगाव, मुंबई
९ डिसेंबर १९८५

ती. सौ. कमळावहिनीस सगुणाचा सा. न. वि. वि.

सामान मिळालं. दुकानदाराने तुमचा कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, कुणी काढलंय. माझ्या भावाने डाव्या हाताने, असं सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला की चित्र वेडंवाकडं असलं तरी हिशेब बरोबर आहे. मग विचारलं, जोडणार कोण. मी म्हटलं, आमची वहिनी. तेव्हा मात्र हसला, आणि तीन पायांचे ते ट्रान्झिस्टर दोन जास्तीचे टाकले. रागावू नका, वहिनी. मलाही हसू आलं. आमच्या घरी फ्यूज गेला की तुम्ही देव्हाऱ्याजवळ जाऊन बसायचात, ते आठवलं.

दादाला भेटायला जीव तुटतो. पण कंपनीत रजा नाही, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, थेंब घालायला माणूस लागतं. आमचे हे परत बोटीवर गेले, ते मार्चमध्ये येतील. तोवर माझे हात बांधलेले.

तुम्ही दादाचं सगळं लिहिता. तुम्ही कशा आहात ते एका ओळीतसुद्धा नसतं. पुढच्या पत्री तेवढं लिहा.

लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची
सगुणा

—

मांडवी, रत्नागिरी
२० जानेवारी १९८६

चि. सौ. सगुणा हीस अ. उ. आ.

सामान पोचलं. पत्राला उशीर झाला, कारण हातात वेळच नसतो. सकाळी ह्यांचं आंघोळपाणी, चादरी, मग पेज, मग लोकांचे ब्लाउज शिवायचे. त्यातून दुपारचा एक तास उरतो, तो आता ह्या सर्किटाला.

हे खाटेवर उशीला टेकून बसतात, मी खाली पाट घेऊन. ह्यांचा उजवा हात उचलून मी सर्किट जोडायच्या पट्टीवर ठेवते. हात काही करत नाही, पण वजनाने पट्टी हलत नाही, तेवढाच उपयोग. मी तसं म्हटलं तर ह्यांना हसू आलं. डाव्या बोटाने कुठे जोडायचं ते दाखवतात. चुकलं की स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर आपटतात. पहिला ट्रान्झिस्टर माझ्या डाग द्यायच्या सोल्डरगनने तापून मेला. दुसरा उलटा बसवला. पेला इतका आपटला की शेजारची गंगुबाई धावत आली.

मागच्या बुधवारी तर माझं डोकंच फिरलं. रात्रभर दोन वेळा चादर बदलली होती, डोळे उघडत नव्हते. एक वायर जोडली, ती सुटली. परत जोडली, परत सुटली. पेला वाजला. मी हातातलं टाकलं आणि बोलून गेले, की मी तुमची बायको आहे, तुमचा उजवा हात नव्हे. चप्पल घातली आणि जेट्टीवर जाऊन बसले. होड्या लागत होत्या, बायका मासळीच्या पाट्या घेऊन जात होत्या. मला कुणी काही विचारलं नाही, बरं वाटलं. घरी जायची इच्छाच होईना, हे तुला म्हणून सांगते.

दिवेलागणीला परतले. सोल्डरगन बंद करायची राहिली होती, गरमच होती. ह्यांनी खाटेवरून वाकून, डाव्या हाताने, ती सुटलेली वायर जोडली होती. दोन बोटांना फोड. जोड म्हणशील तर मोठा गोळा, पण पक्का. मी बोटांना तूप लावलं. तो गोळा मी तसाच राहू दिलाय.

मी कशी आहे विचारलंस. ठीक आहे.

घरी सगळ्यांना सांभाळ. आठवण ठेवतेस ती ठेवत राहा.

तुझी
कमळावहिनी

—

माझगाव, मुंबई
३ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. कमळावहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून डबा न घेताच कामावर गेले. वहिनी, तुम्ही ठीक नाही. जेट्टीवरून परत जावंसं वाटलं नाही हे लिहिता आणि खाली ठीक आहे म्हणता. मी लहान असले तरी इतकी लहान नाही.

दादाला मुंबईला आणा असं मी सारखं लिहीत होते, कारण मला तिकडे येणं जमत नव्हतं. आपण काहीतरी सुचवतोय एवढंच समाधान. ते आता पुन्हा लिहिणार नाही. तुम्हाला काय हवं ते सांगा. औषध नाही, सामान नाही. तुम्हाला.

उत्तर लवकर द्या, आणि खरं द्या. रागावलात तरी चालेल, अंतर देऊ नका.

तुमची
सगुणा

—

मांडवी, रत्नागिरी
२ मार्च १९८६

चि. सौ. सगुणा हीस अ. उ. आ.

वाजला गो. काल वाजला.

बॅटरीवर लावल्यावरही थोडी घरघर होतीच. मी वायरी काढायलाच घेतल्या. हे मात्र शांत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं. पट्टी आणि बॅटऱ्या त्यात ठेवल्या, एक वायर डब्याला जोडली, झाकण लावलं. घरघर गेली. सुई रेकॉर्डवर टेकली आणि सनई सुरू व्हायच्या आधी जी शांतता होती ना, ती ऐकून ह्यांनी डोळे मिटले. मग सनई लागली. इतकी लग्नं ह्यांनी वाजवली, मी मागच्या दारी कामाच्या माणसांच्या भाकऱ्या थापत असायची. एक अख्खी रेकॉर्ड बसून ऐकली ती कालच. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि एकीकडे बोटाने दाखवत होते की डाव्या कर्ण्याचा आवाज कमी आहे.

आता खरं लिहिते. मला वाटलं होतं, हे एकदा वाजलं की माझा शीण जाईल. आज सकाळी उठले तर तीच चादर, तीच पेज. वर आता रेकॉर्ड उलटायचं एक काम वाढलं. ह्यांना खुशी झाली त्याची मला खुशी आहे, पण अंगात काही उरलेलं नाही. काल ह्यांचं तोंड पुसताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि लोटा हातातून पडला.

तू विचारलंस म्हणून सांगते. तू ये. भावोजी येतील तेव्हा मुलं त्यांच्यावर सोड आणि ये. मला आंजर्ल्याला माहेरी जायचंय. आई नाही, पण येसूवहिनी आहे, ती कारण विचारणार नाही. मला कुणाला भेटायचं नाही, कुठे फिरायचं नाही. मला झोपायचंय.

हे लिहायला लाज वाटते. वाचून मला कमी लेखू नकोस.

तुझी
कमळा

—

मांडवी, रत्नागिरी
२८ मार्च १९८६

ती. सौ. कमळावहिनीस, मुक्काम आंजर्ले, सगुणाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला दापोलीच्या गाडीत बसवून आले तेव्हा वाटलं होतं, सख्ख्या भावाचं करायचं, त्यात काय. आता कंबर धरून हे लिहितेय. काल दादाने पेज सांडली, चादर बदलली, परत सांडली. मी रडले. वहिनी, हे तुम्ही वर्षभर केलंत आणि पत्रात 'सगळं चाललंय' लिहीत होतात.

दादाची एक गंमत. तुम्ही गेल्यावर दोन दिवस रुसला, रेकॉर्ड लावू देईना. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, की ती पळून गेलेली नाही, झोपायला गेली आहे. मग गादीखालचा रबरी चेंडू मागून घेतला आणि डाव्या हाताने उजव्या मुठीत कोंबला. दाबला म्हणत नाही मी. पण पडू दिला नाही, बराच वेळ धरून होता. आज परत धरला.

काल आलेल्या तुमच्या पत्रात तुम्ही सोमवारी निघते म्हणता. तसं करू नका. आमचे हे मुलांचं बघतायत, सासूबाईंना आता दिसतं, आणि मी पगार कापून रजा वाढवली आहे. येसूवहिनींना मी वेगळं पत्र टाकलंय, की तुम्हाला लवकर उठवायचं नाही.

इकडची काळजी माझ्यावर टाका आणि कूस बदलून पुन्हा झोपा.

तुमची
सगुणा